तलावातला गाळ, तुमचं वावर आणि माफ झालेली रॉयल्टी

तायांनो, होळी झाली की गावतलावाचं पाणी मागं सरायला लागतं आणि काठाची काळी, भेगाळलेली माती उघडी पडते. मग ग्रामसंघाच्या बैठकीत दरवर्षी एकच प्रश्न येतो : "हा गाळ कोणाले भेटते, आन् त्याचे पैसे लागतात का?" यंदाही बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून या अंकात सविस्तर लिहिते. शासनाचे निर्णय, ब्रास, घनमीटर, रॉयल्टी हे शब्द ऐकून कागद बाजूला ठेवू नका. शेवटी हिशोबच आहे, आणि बचतगटातल्या बाईला हिशोब शिकवायची गरज नसते.

आधी हा गाळ येतो कुठून ते पाहू. पाऊस जोराचा झाला की वावरातली वरची माती वाहून जाते. वरची माती म्हणजे शेणखत पडलेली, पालापाचोळा कुजलेली, सगळ्यात कसदार. ती नाल्यातून तलावात जाऊन बसते. वावरात खाली मुरूम उघडा पडतो, आणि तलाव उथळ होत जातो. म्हणजे एकाच मातीनं दोन्हीकडं नुकसान होतं. ती उचलून परत वावरात टाकली तर दोन्हीकडं भरपाई होते.

महाराष्ट्र शासनानं मे २०१७ मध्ये "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही योजना आणली. तेव्हा गाळ फुकट होता, पण वाहून न्यायचा खर्च पूर्ण शेतकऱ्याचा होता. परिणाम काय झाला ते तुम्हीच पाहिलं असेल. ज्याच्या घरी ट्रॅक्टर, त्याच्या वावरात गाळ. दोन एकरवाली बाई काठावर उभी राहून पाहत राहिली. जानेवारी २०२३ मध्ये मृद व जलसंधारण विभागानं योजना नव्यानं सुरू केली, तेव्हा दोन बदल झाले. गाळ काढायच्या यंत्राचा आणि डिझेलचा खर्च शासनानं घेतला, आणि लहान शेतकऱ्याला गाळ नेऊन पसरवण्यासाठी अनुदान ठेवलं.

अनुदान घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे. एकराला जास्तीत जास्त १५ हजार, आणि अडीच एकरापर्यंतच, म्हणजे एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त ३७ हजार ५०० रुपये. आकडा ऐकायला मोठा वाटतो. आता तो आपल्या भाषेत आणू.

घनमीटर म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच ढीग. आपल्याकडं माती ब्रासमध्ये मोजतात. दहा फूट बाय दहा फूट, एक फूट उंच म्हणजे एक ब्रास, आणि ते होतात २.८३ घनमीटर. ट्रॅक्टरची ट्रॉली काठोकाठ भरली तर साधारण एक ब्रास धरा. म्हणजे एका ट्रॉलीमागं अनुदान पडतं सुमारे १०१ रुपये. आता तुमच्या गावात ट्रॅक्टरवाला तलावापासून तुमच्या वावरापर्यंत एका खेपेचे किती घेतो ते विचारा आणि त्यातून १०१ वजा करा. उरलेले तुमच्या पदरचे. वावर तलावाला लागून असेल तर गणित जमतं. दोन-तीन किलोमीटर लांब असेल तर अनुदान मिळूनही खिशातून बरेच जातात. कोणी "सगळं फुकट आहे" म्हणून सांगत असेल तर हे गणित त्याच्यासमोर मांडा.

एकराला चारशे घनमीटर टाकला तर वावरात चार इंचांचा थर बसतो. त्याला एकशे चाळीस ट्रॉल्या लागतात. इतका टाकलाच पाहिजे असं काही नाही. दोन इंच टाका, सत्तर ट्रॉल्यांत काम होईल. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी अर्ध्या एकरात टाकून पाहावं. पीक कसं येतं ते डोळ्यांनी दिसतं आणि कर्जही कमी घ्यावं लागतं.

रॉयल्टीचं आता सांगते, कारण खरी मोठी सूट तिथं आहे आणि तिच्याकडं कोणाचं लक्ष नसतं. माती, मुरूम, वाळू हे कायद्यानं गौण खनिज. ते उचललं की शासनाला रॉयल्टी, म्हणजे स्वामित्वधन भरावं लागतं. २०२१ पासून मुरमाचा दर ब्रासला ६०० रुपये आहे. या योजनेत शेतकऱ्यानं आपल्या वावरासाठी नेलेल्या गाळाला रॉयल्टी माफ आहे. मुरमाच्या दरानं धरलं तर एकशे चाळीस ब्रासचे ८४ हजार होतात. हातात येणाऱ्या अनुदानापेक्षा ही न दिसणारी माफी कितीतरी मोठी आहे. पण माफी वावरासाठीच. तोच गाळ वीटभट्टीला किंवा ठेकेदाराला विकला तर माफी संपली आणि दंडाची पाळी आली. तलावातून वाळू काढायलाही या योजनेत बंदी आहे. म्हणून तुमच्या नावावर निघालेल्या ट्रॉल्या कुठं रिकाम्या होतात यावर तुमचंच लक्ष हवं.

माफी देऊन माणसाकडून चांगलं काम करून घ्यायची रीत दुसरीकडंही आहे. अमेरिकेत मेरीलँड नावाचं राज्य आहे. तिथल्या खाडीत कालवं म्हणजे शिंपल्यातला जीव मोठ्या प्रमाणात मिळायचा. कालवाचं पिल्लू जुन्या शिंपल्यावरच चिकटून वाढतं. लोकांनी कालवं खाल्ली आणि शिंपल्या रस्त्यात भरल्या, कचऱ्यात टाकल्या. पिल्लांना बसायला जागाच उरली नाही. मग २०१३ पासून त्या राज्यानं ठरवलं की जो शिंपल्या साठवून परत देईल त्याला मापाप्रमाणे आयकरात सूट. खाडीचं होतं ते खाडीला परत. आपला गाळही तसाच, वावराचं वावराला.

फरक एकच, आणि तो आपल्यासाठी महत्त्वाचा. आयकरातली सूट त्यालाच उपयोगी, जो आयकर भरतो. शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडं आयकर नाही. दीड एकरातल्या बाईला उद्या कोणी आयकरात सूट दिली तर ती सूट तिनं कुठं लावायची? म्हणून आपल्या कामाच्या गोष्टी दोनच : रॉयल्टीची माफी आणि खात्यात येणारं अनुदान. आणि दोन्हीसाठी मोजमापाचा कागद लागतो. किती ट्रॉल्या, कोणत्या तारखेला, कोणत्या गट नंबरमध्ये. गटाच्या नोंदवहीसारखी एक वही घरी ठेवाच.

अनुदान कोणाला? अडीच एकरापर्यंतचे अत्यल्पभूधारक आणि पाच एकरापर्यंतचे अल्पभूधारक. त्याशिवाय विधवा, दिव्यांग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातले शेतकरी. यांची जमीन पाच एकरापेक्षा जास्त असली तरी अनुदान मिळतं, फक्त अडीच एकराच्या मर्यादेतच. आपल्या अमरावती-अकोल्यात ही शेवटची ओळ किती घरांना लागू होते हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि गाडी नेमकी इथंच अडते. वावर ती कसते, निंदणं-खुरपणं तिचं, पेरणीसाठी गटातून कर्ज तिनं काढलेलं. पण सातबाऱ्यावर अजून मेलेल्या नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं नाव. अर्ज करायला गेलं की "नाव नाही तुमचं" म्हणून परत पाठवतात. गाळाचं काम एप्रिल-मे महिन्यांत होतं आणि पहिल्या पावसाला बंद पडतं. तेव्हा वारस नोंदीचा अर्ज आत्ताच तलाठ्याकडं द्या. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठीच म्हटलं जाईल.) मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं लागतील. दिलेल्या अर्जाची पोच घ्या. दीर किंवा सासरा आडवा येत असेल तर एकटीनं जाऊ नका, ग्रामसंघाच्या दोघी-तिघींनी सोबत जावं. ज्यांचे पती हयात आहेत त्यांच्यासाठी १९९२ पासून "लक्ष्मी मुक्ती" आहे. नवऱ्यानं अर्ज दिला की बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागतं. घरात विषय काढून पाहा. काही घरी वाद होईल, काही घरी "लावून टाकू" असंही म्हणतील.

दुसरी अडचण पैशाची. ट्रॅक्टरवाल्याला पैसे आज लागतात, अनुदान नंतर येतं. समजा गटातून २० हजार उचलले, महिन्याला शेकडा दोन व्याज, तर महिन्याचे ४०० रुपये. सहा महिने अनुदान आलं नाही तर २,४०० रुपये व्याजातच गेले. हे धरूनच किती ट्रॉल्या आणायच्या ते ठरवा. शेजारची वावरं असलेल्या चार-पाच जणींनी मिळून एकच ट्रॅक्टर सांगितला तर भाडं कमी करून घेता येतं.

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती गोष्ट. गाळ प्रत्येक वावरात टाकायचा नसतो. बरड, मुरमाड, उथळ जमीन असेल तर गाळ म्हणजे सोनं. अशा जमिनीत पाणी टिकत नाही, पावसानं दहा दिवस दडी मारली की पराटी-सोयाबीन माना टाकतात. गाळामुळं ओल जास्त दिवस धरून राहते. पण भारी काळ्या जमिनीत आणखी चिकण माती घालून काय मिळणार? पाणी निचरणार नाही, मुळं सडतील. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या तायांनी तर जास्तच जपावं. तिथं जमीन आधीच चोपण आणि पाणी खारं. शेजारीण टाकते म्हणून आपण टाकायचं नाही.

गाळ हातात घेऊन पाहा. त्यात शिंपल्या, गोगलगाईच्या कवट्या खूप दिसल्या तर चुना जास्त असण्याची शक्यता धरा. आपल्याकडच्या बऱ्याच जमिनीत चुना आधीच जास्त आहे. त्यात भर पडली तर सोयाबीन पिवळं पडतं, आणि संत्र्याच्या झाडाला तर चुनखडी अजिबात मानवत नाही. म्हणून तपासणी करून घ्या. तलावात चार-पाच ठिकाणचा गाळ घेऊन एकत्र करा, सावलीत वाळवा, त्यातला अर्धा किलो पिशवीत भरा. वावरातल्या मातीचा नमुना वेगळ्या पिशवीत. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत दाखवा. सामू, क्षार, चुना हे तीन शब्द लिहून न्या आणि तेवढं विचारा.

आणलेला गाळ ढीग करून ठेवू नका. उन्हात पसरून तापू द्या, ढेकळं फुटली की वखरानं मातीत मिसळा. पहिल्या वर्षी तण जास्त येईल, त्याची तयारी ठेवा. आणि गाळ टाकला म्हणून शेणखत बंद करू नका.

तलावाचंही थोडं. एक घनमीटर गाळ निघाला की एक हजार लिटर पाण्याची जागा होते. तुम्ही एका एकरासाठी चारशे घनमीटर उचलला तर चार लाख लिटरची जागा झाली, म्हणजे दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. पण पाळीच्या पायथ्याशी खोदू देऊ नका, पाळ कमजोर होते. गाळ संपून मूळ कडक थर लागला की थांबायचं. तलाव मासेमारीला दिलेला असेल तर भोई-ढीवर समाजाच्या मंडळींना आधी विचारा, त्यांचंही पोट त्याच पाण्यावर आहे.

मागणीचा अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा. अर्जासोबत सातबारा, आठ-अ, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स ठेवा. विधवा असाल तर पतीच्या मृत्यूचा दाखला, दिव्यांग असाल तर प्रमाणपत्र जोडा. यंदा आपल्या तालुक्यात कोणते तलाव धरले आहेत आणि अनुदानाचा चालू दर काय, हे तहसील किंवा जलसंधारण कार्यालयात विचारून ग्रामसंघाच्या फळ्यावर लिहून ठेवा. सचिव ताईंनी पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येक गटातून तीन याद्या मागवाव्यात : वावर बरड आहे अशा जणी, सातबाऱ्यावर नाव नाही अशा जणी, आणि विधवा किंवा आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या जणी. दुसऱ्या यादीवरच्या तायांना घेऊन मी स्वतः तलाठी कार्यालयात येईन. येताना मूळ कागद आणि त्याच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन या.