लेथचा स्टँड जड का हवा?

पारंपरिक कातारी जमिनीवर बसून लाकूड कातत असे. जमीन हाच त्याचा स्टँड. विजेचा लेथ उभ्याने चालवायचा, तर ती स्थिरता आपल्याला निर्माण करावी लागते.

समजा, २ किलोच्या ओंडक्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून ५ मिलिमीटर सरकला आहे. मिनिटाला ६०० फेऱ्या असताना सुमारे ४० न्यूटन बल दिशा बदलत स्टँडला ओढते. वेग दुप्पट केला की बल चौपट, म्हणजे १६० न्यूटन! हलका स्टँड थरथरतो, हत्यार अडकते, ओंडका निसटू शकतो.

म्हणून छत्रपती संभाजीनगरला आम्ही बाभळीचे पाय बाहेर झुकते ठेवून तिरक्या पट्ट्यांनी जोडले. त्रिकोण सहज विकृत होत नाही. खालच्या खोक्यात ३० लिटर कोरडी वाळू, सुमारे ४८ किलो, भरली. वजनाने थरथर घटते; उरलेली ऊर्जा कणांच्या घर्षणात उष्णता बनते.

तरीही ओंडक्याचे कोपरे आधी तासावेत आणि सुरुवात कमी वेगानेच करावी.