सर्व्हरलाच ठाऊक नसलेला पासवर्ड

लिनक्सच्या सर्व्हरवर ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकारी. कुणाचीही फाइल उघडावी, कुणाचंही खातं पुसावं, मनात आणलं तर अख्खं मशीन निकामी करावं. त्याला अडवणारं कुणी नाही. मशीनच्या लेखी या सर्वाधिकाऱ्याची खरी ओळख नावाने होत नाही, एका आकड्याने होते. ज्या खात्याचा क्रमांक शून्य, तो रूट. एवढी सत्ता ज्या पासवर्डावर उभी आहे, तो पासवर्ड मात्र मशीनमध्ये कुठेही लिहिलेला नसतो. खुद्द रूटलाही तो तिथून वाचता येत नाही. बदलता येतो, बघता येत नाही.

सुरुवातीला असं नव्हतं. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एकाच अवजड कॉम्प्युटरवर अनेकांनी एकाच वेळी काम करायचं, तर ज्याच्या फाइली त्याच्याकडेच राहायला हव्यात. म्हणून पासवर्ड आले आणि एका फाइलीत जसेच्या तसे नोंदवले गेले. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला १९६२ मध्ये मशीनचा वेळ पुरेना. त्याने सरळ ती फाइलच छापून मागवली, आणि यंत्राने निमूटपणे छापून दिली! पुढे त्याच दशकात आणखी मोठा घोटाळा झाला. एक व्यवस्थापक पासवर्डांची फाइल दुरुस्त करत होता, दुसरा रोजची सूचना लिहीत होता. मजकूर संपादित करण्याच्या प्रोग्रॅमने दोघांच्या तात्पुरत्या फाइलींना एकच नाव दिलं आणि मजकुरांची अदलाबदल झाली. मग जो जो लॉगिन करेल त्याच्यासमोर आजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड!

यावरचा उपाय केंब्रिजमध्ये रॉजर नीडहॅम यांना सुचला आणि मॉरिस विल्क्स यांच्या १९६८ च्या पुस्तकातून जगापुढे आला. पासवर्ड ठेवायचाच नाही. त्याचं दळण करून फक्त पीठ ठेवायचं. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. मात्र तोच गहू त्याच गिरणीत टाकला की नेमकं तेच पीठ पडतं. तुम्ही पासवर्ड टाइप केला की सर्व्हर तो नव्याने दळतो आणि जुन्या पिठाशी ताडून पाहतो. जुळलं तर आत या. पासवर्डातलं एक अक्षर बदला, बाहेर पडणारी अक्षरांची माळ ओळखूही येणार नाही इतकी बदलते. तुम्ही ‘जवळपास बरोबर’ होतात की साफ चुकलात, हे सर्व्हरलाही कळत नाही.

पण लिनक्सची पूर्वज असलेल्या युनिक्स प्रणालीतली पहिली गिरणी फार वेगवान निघाली, आणि इथे वेग हाच दोष. युनिक्स घडवणाऱ्यांपैकी रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या निबंधात ही कहाणी सांगितली आहे. पीडीपी-११/७० या मशीनवर एक पासवर्ड सव्वा मिलिसेकंदात तपासून होई. म्हणजे चोराला शब्दकोश घेऊन एकेक शब्द दळत बसायला कितीसा वेळ लागणार? त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी ८६ टक्के असेच सापडण्याजोगे होते. पंधरा जणांनी तर एकाच अक्षरावर भागवलं होतं. तेव्हा त्यांनी क्रिया मुद्दाम संथ केली, डीईएस ही सांकेतिक पद्धत लागोपाठ २५ वेळा चालवून. शिवाय प्रत्येक पासवर्डात ‘सॉल्ट’ म्हणून एक यादृच्छिक भर घातली. तिचे प्रकार ४,०९६, त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी नोंदी सहसा वेगळ्या दिसतात. १९९९ मध्ये आलेल्या बीक्रिप्टमध्ये तर ही संथपणाची मात्रा आपल्याला हवी तशी वाढवता येते. मालकाला लॉगिन करताना क्षणभर थांबणं जाणवतही नाही. कोट्यवधी अंदाज करून पाहणाऱ्याचं मात्र कंबरडं मोडतं.

खुद्द थॉम्प्सन यांच्या पासवर्डाची नोंद बीएसडी युनिक्सच्या जुन्या फाइलींत जतन होती. ती २०१९ मध्ये फुटली, तीही आधुनिक ग्राफिक्स कार्डाला चार दिवसांहून जास्त राबवल्यावर. आत काय निघालं? बुद्धिबळातली एक खेळी: वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे.

मग ॲडमिनचा पासवर्ड विसरला तर? वेबमिन किंवा प्लेस्कसारख्या, ब्राउझरमधून सर्व्हर हाकणाऱ्या सॉफ्टवेअरचा ॲडमिन अडकला, तर त्याची सुटका रूट करतो. वेबमिनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम चालवून नवा पासवर्ड बसवता येतो. प्लेस्कमध्ये ‘प्लेस्क लॉगिन’ एवढी आज्ञा दिली की एकदाच चालणारी लिंक हाती येते. जुना काय होता, हे कुणी विचारतही नाही. आणि रूटच विसरला तर? मग मशीनपाशी जाऊन बसायचं, सुरू होतानाच बूटच्या यादीत हात घालायचा, नेहमीच्या व्यवस्थेऐवजी थेट आज्ञा टाइप करण्याचं ‘शेल’ उघडायचं आणि नवा पासवर्ड ठोकून द्यायचा. कागदावर सर्वाधिकारी कुणी का असेना, सर्व्हर-रूमची किल्ली ज्याच्या खिशात, तो त्याच्याही वरचा. मला हे फार मजेशीर वाटतं.

या किल्लीवाल्यालाही रोखायचं तर अख्खी डिस्कच कुलूपबंद करावी लागते. लिनक्सवर हे काम लक्स करतं, आणि इथे हिशेबच उलटतो. इथे पासवर्ड कशाशी ताडून पाहायचा नसतो. त्याच्यापासून जी किल्ली तयार होते तिनेच डिस्कची मूळ किल्ली उलगडते. नोंद पुसून दुसरी लिहिण्याची सोयच उरत नाही. तोडगा एकच, आधीच करून ठेवण्याचा: लक्सच्या नव्या आवृत्तीत ३२ खाचा असतात आणि प्रत्येकीत वेगळा पासवर्ड बसतो. दुसऱ्या खाचेत एक लांबलचक पासवर्ड घालायचा, तो कागदावर लिहायचा आणि पाकिटात बंद करून कचेरीच्या तिजोरीत ठेवायचा.