सामाईक गुऱ्हाळ आणि भागीदारीचा कायदा

उसाचा हंगाम जवळ आला कीं गांवोगांवीं दोघेतिघे शेतकरी एकत्र बसून सामाईक धंद्याचीं बोलणीं करूं लागतात. कोणी गुऱ्हाळ घालतात, कोणी मळणीयंत्र घेऊन तें भाड्यानें फिरवितात, कोणी ट्रॅक्टर घेतात, कोणी तेलाचा घाणा चालवितात. बोलणें बहुधा पारावर होतें, ‘नफ्यातोट्यांत सारखे’ एवढ्या शब्दांवर तें मिटतें, आणि दुसरे दिवशीं कामास आरंभ होतो. या परस्पर विश्वासाची थट्टा करण्याची आमची इच्छा नाहीं. खेड्यांतील पुष्कळसा व्यवहार त्यावरच चालत आला आहे. परंतु नफा वांटून घेण्याचें ठरवून तिघांनीं धंदा सुरू केला, कीं कागदावर एक अक्षरही नसतां सन १९३२ चा भागीदारीचा कायदा त्यांस लागू होतो, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते.

हा कायदा १ ऑक्टोबर १९३२ पासून अंमलांत आला. त्यापूर्वीं भागीदारीसंबंधीचीं कलमें १८७२ च्या कराराच्या कायद्यांतच होतीं. भागीदारी ठरण्यास तीन गोष्टी लागतात: आपसांत झालेला करार, धंद्याचा नफा वांटून घेण्याचा ठराव, आणि तो धंदा सर्वांनीं मिळून किंवा सर्वांच्या वतीनें एकानें चालविणें. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. चौघां भाऊबंदांची विहीर सामाईक असली, पाण्याच्या पाळ्या लावलेल्या असल्या व पंपाचा खर्च वांटून घेतला, तरी तेवढ्यानें ते भागीदार होत नाहींत. ते विहिरीचे सहमालक होत. एकत्र कुटुंबाचा धंदाही भागीदारी नव्हे, कारण कुटुंबांतील हक्क जन्मानें येतो, करारानें नव्हे. कुटुंबाचा कर्ता बाहेरच्या धंद्यांत भागीदार झाला, तरी भागीदार तो एकटाच; त्याचे भाऊ व मुलगे आपोआप भागीदार होत नाहींत. तसेंच नफ्यांत हिस्सा घेणारा प्रत्येकजण भागीदार असतो असेंही नाहीं. एखाद्या गुळव्यास रोख मजुरीऐवजीं नफ्याचा कांहीं अंश देण्याचें ठरविलें, तर तेवढ्यावरून तो भागीदार ठरत नाहीं.

आतां उदाहरणादाखल पंचगंगेकांठच्या एका गांवीं तिघांनीं गुऱ्हाळ घातलें असें समजूं. पहिल्यानें चार लक्ष रुपये घातले, दुसऱ्यानें दोन लक्ष. तिसऱ्याजवळ पैसा नव्हता, पण माहिती होती. त्यानें हंगामभर काहिलीजवळ उभें राहून सर्व काम पाहावें असें ठरलें. लेख कांहीं केला नाहीं. हंगाम वाईट गेला, भाव पडला, आणि अखेर सहा लक्षांपैकीं तीन लक्ष उरले. आतां हें तीन लक्षांचें नुकसान कोणीं सोसावयाचें?

पुष्कळ लोक म्हणतील, ज्याचा पैसा त्याचें नुकसान. कायदा असें म्हणत नाहीं. निराळा करार नसेल तर नफा सर्वांचा सारखा व तोटाही सर्वांचा सारखा. भांडवल कमीअधिक असलें तरी त्यानें फरक पडत नाहीं. म्हणून प्रत्येकाच्या वांट्यास एक लक्षाचा तोटा येतो. पहिल्यास तीन लक्ष परत मिळावयाचे, दुसऱ्यास एक लक्ष, म्हणजे एकूण चार; शिल्लक तर तीनच. उरलेलें एक लक्ष तिसऱ्यानें आपल्या घरांतून आणून भरावयाचें! बरें, चार महिने त्यानें धूर खाल्ला त्याची मजुरी? करारांत लिहिली नसेल तर ती मागण्याचा त्यास अधिकार नाहीं. भांडवलावरील व्याजही करारावांचून मिळत नाहीं, आणि करारांत असलें तरी तें नफ्यांतूनच द्यावयाचें. मात्र ठरलेल्या भांडवलाहून अधिक रक्कम एखाद्यानें धंद्यास उसनी दिली असेल, तर तीवर सालीना सहा टक्के व्याज त्यास मिळतें. आमच्या मतें श्रमाचा भागीदार ज्या धंद्यांत आहे, तेथें लेखाची गरज पैसेवाल्यांपेक्षां त्यालाच अधिक आहे. आणि तोच बहुधा भिडेस्तव गप्प बसतो.

हा झाला आपसांतला हिशेब. याहून कठीण भाग बाहेरच्या देण्याचा आहे. धंद्याच्या नेहमींच्या कामांत प्रत्येक भागीदार हा इतरांचा मुखत्यार समजला जातो. दुसऱ्या भागीदारानें धंद्याच्या नांवानें नवी काहील उधार आणली किंवा गूळ देण्याच्या बोलीवर अडत्याकडून उचल घेतली, तर तें देणें तिघांचें होतें. तें फेडण्याची जबाबदारी एकत्रही आहे व प्रत्येकाची स्वतंत्रही आहे. म्हणजे धनको आपल्या सोईनें ज्याची जमीन बरी त्यालाच गांठूं शकतो, आणि आपल्या हिश्शापुरतेंच देईन असें त्या भागीदारास म्हणतां येत नाहीं. इतरांकडून त्यांचा वांटा वसूल करणें हें मागाहूनचें काम. दिवाणी व्यवहारसंहितेप्रमाणें शेतकऱ्याचीं निर्वाहापुरतीं आउतें, बैल, बियाणें व राहतें घर जप्तींतून वगळलेलें आहे. शेतजमिनीस मात्र तशी सरसकट सूट नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

या अधिकारास मर्यादाही आहेत. स्थावर मिळकत घेणें किंवा विकणें, धंद्याचें बँकेंतील खातें स्वतःच्या नांवानें उघडणें, तंटा पंचांकडे सोंपविणें, लावलेला दावा काढून घेणें, या गोष्टी निराळा करार किंवा वहिवाट नसेल तर एकट्या भागीदारास करितां येत नाहींत.

लेख करणें आणि नोंदणी करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नोंदणी निबंधकाकडे होते. ती सक्तीची नाहीं, पण न केल्यास मोठी अडचण येते. नोंदणी नसलेल्या धंद्यास करारावरून बाहेरच्या इसमावर दावा लावतां येत नाहीं. भागीदारासही भागीदारीच्या करारावरून इतर भागीदारांवर तसा दावा लावतां येत नाहीं. उलट बाहेरचा इसम मात्र त्यांच्यावर खुशाल दावा आणूं शकतो. नोंदणी मागाहून केली तरी चालते, पण दावा दाखल होण्यापूर्वीं ती झालेली असली पाहिजे. धंदा मोडून हिशेब मागण्याचा दावा मूळ कायद्याप्रमाणें नोंदणीवांचूनही चालतो. महाराष्ट्रांत १९८४ सालीं दुरुस्ती करून हाही दरवाजा बंद केला होता. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली.

मुलाच्या नांवाविषयीं दोन शब्द. अज्ञान मुलास भागीदार करितां येत नाहीं. सर्वांच्या संमतीनें त्यास केवळ नफ्याचा लाभ देतां येतो, व तोंवर त्याची जबाबदारी धंद्यांतील हिश्शापुरतीच असते. परंतु तो वयांत आल्यावर, किंवा आपणांस लाभांत घेतलें आहे हें त्यास नंतर कळल्यास तेव्हांपासून, सहा महिन्यांत आपण भागीदार होणार नाहीं अशी जाहीर नोटीस त्यानें दिली नाहीं, तर तो पूर्ण भागीदार होतो, आणि लाभांत घेतल्या दिवसापासूनच्या देण्यांसही बांधला जातो. हौसेनें मुलांचीं नांवें घालणाऱ्या बापांनीं ही तारीख लिहून ठेवावी.

एवढी अमर्याद जबाबदारी नको असेल तर आज इतर मार्ग आहेत. २००८ च्या कायद्यानें मर्यादित जबाबदारीची भागीदारी निघाली आहे. तींत भागीदाराची खाजगी मिळकत सामान्यतः सुरक्षित राहते, पण दरसाल विवरणपत्रें भरावीं लागतात. दहा किंवा अधिक उत्पादकांस २००२ च्या दुरुस्तीपासून उत्पादक कंपनी काढतां येते, व तींत व्यक्तिसभासदांस भाग कितीही असले तरी मत एकच. सहकारी संस्थेचा मार्ग तर आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहेच. तिघांच्या गुऱ्हाळास मात्र हीं सर्व आयुधें जड पडतील. त्यांस साधा लेख व नोंदणी पुरे.

लेखांत भांडवल, नफ्यातोट्याचें प्रमाण, काम करणाऱ्याची मजुरी व कर्ज काढण्याची मर्यादा हीं कलमें असावींत. एक भागीदार मेल्यास काय, हेंही लिहावें. कारण तसा करार नसेल तर एकाच्या मृत्यूनें सर्व भागीदारी मोडते, आणि दोघांचीच असेल तर एकट्यानें भागीदारी चालणें शक्यच नाहीं. मुदत ठरलेली नसेल तर कोणीही लेखी नोटीस देऊन ती मोडूं शकतो. मोडल्याची तारीख वहींत टिपून त्याखालीं सर्वांच्या सह्या घ्याव्या, कारण हिशेबाच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.