घाम बाहेर, जंतूही बाहेर!
खारघरला टाटा स्मारक केंद्राचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ आहे. कर्करोगाच्या अशा रुग्णालयांत काहींच्या दंडावर पारदर्शक पट्टी दिसते. तिच्याखालून शिरेत घातलेली बारीक नळी पार हृदयाजवळ पोचलेली असते. औषधांनी प्रतिकारशक्ती घटलेली. त्या छिद्रातून जंतू शिरले तर जिवावरच बेतते!

मग साधे प्लॅस्टिक का चिकटवत नाहीत? पावसाळ्यात रेनकोटच्या आत आपण घामाने कसे भिजतो ते आठवा. ओलसर त्वचेवर जंतू फोफावतात, पट्टीही सुटते. ही पट्टी पॉलियुरेथेनच्या पातळ पापुद्र्याची. वाफेचे रेणू त्यात विरघळून पलीकडे निसटतात. जंतूंना मात्र वाट नसते. कोरडी, घट्ट राहिली तर ती सात दिवस चालते; कापडी गॉज दोन दिवसांत बदलावे लागते. शिवाय खालची लाली पट्टी न उघडता दिसते.

काढताना परिचारिका ती वर उपटत नाही; नळी धरून, त्वचेला समांतर हलकेच ताणते.