रात्री उभा ट्रॅक्टर, सकाळी बॅटरी खलास

तोडलेला ऊस फडात आणि ट्रॅक्टर धक्क्यावर, असे झाले की वजन व उतारा दोन्ही घटतात. बॅटरी चांगली, पट्टा ताठ, तरी सकाळी स्टार्टर फिरत नसेल तर करंट कुठेतरी गळतो असे समजावे. पाच वॅटचा एक दिवा चालू राहिला, तरी दिवसाला सुमारे 10 अँपिअर-अवर जातात. 80 ची बॅटरी चार दिवसांत निम्मी होते.

तपास सोपा आहे. चावी व दिवे बंद करून बॅटरीची अर्थिंगची केबल काढावी. केबल आणि ते टोक यांच्यामध्ये 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प जोडावा. लॅम्प पेटला की गळती आहे. मग एकेक फ्यूज काढत जावे. ज्याने लॅम्प विझेल ती लाईन चोर. एकानेही विझला नाही, तर थेट बॅटरीवरून घेतलेला टेप, चार्जर सोडवून पाहावा. गटागटांतून फिरताना आम्हांला अशा जोडवायरीच फार दिसतात. शेवटी अल्टरनेटरची वायर सोडवावी. आतला डायोड गेला असेल, तर करंट उलटा वाहतो.

बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ बिडी नको. टोळी फडात उतरण्याआधी एवढे पाहून घ्यावे, ही विनंती.