दगड कोणाशी बोलतो?

मुंबई महापालिकेची इमारत १८९३ साली पूर्ण झाली. तिच्या दर्शनी भागावर पंख असलेली एक स्त्रीमूर्ती आहे. ती ज्या बोधवाक्याचे प्रतीक आहे ते लॅटिन : 'उर्ब्स प्रायमा इन इंडिस', म्हणजे हिंदुस्थानातले अव्वल नगर. हे वाक्य वाचणारे त्या नगरात किती होते? रस्ते झाडणारा, गोदीत हमाली करणारा, गिरणीत राबणारा माणूस तर नक्कीच नव्हता. त्याने वाचावे ही अपेक्षाही नव्हती. त्याने दबून जावे एवढेच पुरेसे होते.

इंग्रज गेले. महापालिकेच्या चिन्हावर संस्कृत वचन आले. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले, त्याचेही बोधवाक्य संस्कृतच. त्याचा अर्थ चांगला आहे : जो कृती करतो तोच पंडित. पण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फक्त कृतीच केली, त्यांना ज्या भाषेचा उच्चारही निषिद्ध होता त्याच भाषेत हे सांगितले गेले. लॅटिन गेली, संस्कृत आली. वाचणारा बाहेरचा बाहेरच राहिला.

दगडाची रीत पूर्वीपासून अशीच होती काय? मुळशीच्या शेजारी, मावळातल्या कार्ल्याला जाऊन पाहावे. तिथल्या चैत्यगृहातले सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात, म्हणजे लोकांच्या बोलीजवळच्या भाषेत आहेत. त्यात धेनुकाकटाचे यवन दाते आहेत, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे आणि दाराचे काम करणारा सामी नावाचा सुतारही आहे, बापाच्या नावासकट. कृती करणाऱ्याचे नाव इथे खरोखरच दगडावर आले. पुढे ही लिपीच विसरली गेली आणि अशा लेण्यांना लोक पांडवांची म्हणू लागले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचे वाचन पूर्ण केले, तेव्हा कुठे सामीला त्याचे नाव परत मिळाले. वाचता येत नाही तिथे दुसऱ्याची कथा येऊन बसते, ती अशी.

भीमा कोरेगावचा स्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या गौरवासाठी उभारला. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे त्यावर आहेत आणि त्यांतली बावीस नावे महार सैनिकांची आहेत. 'नाक' या शेवटाने ती ओळखू येतात. लिहिणाऱ्याच्या लेखी ती मृतांची यादी होती. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे उभे राहिले आणि ती यादी इतिहास झाली. दगड तोच होता, वाचणारा बदलला होता.

म्हणून परक्या भाषेतला लेख पाहून मान खाली घालू नये, आणि नुसते तोंडही फिरवू नये. त्याचा अर्थ विचारावा. कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, कोणाला वगळले, हेही विचारावे. २०१४ साली पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. पाटी बदलली, आता वाचणाऱ्यांची पाळी आहे.

मुळशीतल्या विद्यार्थ्यांनी सुरुवात गावापासूनच करावी. शाळा, देऊळ, समाजमंदिर, पूल यांच्या कोनशिला वहीत उतरवून घ्याव्यात. उद्घाटकाचे नाव सापडेल, अध्यक्षाचे सापडेल. तो दगड ज्या वडाराने फोडला, ज्या गवंड्याने बसवला, त्यांची नावे शेजारच्या पानावर आपण लिहावीत. गावात विचारले तर ती अजून सापडतील.