घरचें कुत्रें आणि त्याचे लहान वैरी

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर गोंदिया जिल्ह्यांतील कोहमारा हें गांव लागतें. जवळच नागझिरा व नवेगाव हीं अरण्यें आहेत. २०१३ सालीं त्यांचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. अशा मुलखांतील कुत्रें गुरांमागून रानाच्या कडेपर्यंत जातें आणि तेथें कोल्हेही फिरतात. १९१० सालीं पॅटन या शास्त्रज्ञास मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तांत एक सूक्ष्म परोपजीवी आढळला. पुढें तोच त्याला कोल्ह्याच्या रक्तांतही दिसला. तो एका प्राण्यापासून दुसऱ्याकडे नेते ती गोचीड.

"पण आमचें कुत्रें रानांत जातच नाहीं," असें शहरांतील गृहस्थ म्हणतील. कुत्र्यावरील तपकिरी गोचिडीला रानाची गरज नसते. तिला आपलें घर पुरतें. जन्मांत ती तीन वेळां रक्त पिते आणि प्रत्येक वेळीं कुत्र्यावरून उतरून भिंतीच्या भेगांत दडते. शेवटीं मादी तेथेंच हजारोंनीं अंडीं घालते. औषध लावून आठवडा लोटत नाहीं तोंच पुन्हा गोचिडी दिसतात, तें यामुळें. दोष नेहमीं औषधाचा नसतो. आपण कुत्रें धुतों आणि घर विसरतों!

पिसवांचेंही तसेंच. त्यांचीं अंडीं अंथरुणांत व सतरंजींत गळतात. शिवाय, खाज सुटली म्हणून कुत्रें अंग चावतें, तेव्हां पिसू पोटांत जाते आणि तिच्याबरोबर पट्टकृमीही जातो. अंकुशकृमि तर आईच्या दुधावाटेच पिलांत शिरतात व त्यांचें रक्त शोषतात. नवजात पिलूं त्यानें दगावतेंही. कुत्र्याच्या विष्ठेनें दूषित झालेल्या मातींत खेळणाऱ्या मुलांनाही कांहीं कृमींची बाधा होते.

मग करावें काय? अंथरूण दर आठवड्यास कढत पाण्यानें धुवावें, भेगा बुजवाव्या, विष्ठा रोज उचलावी. फिरून आल्यावर कान, मान व पायांच्या बोटांमधील जागा तपासावी. गोचीड चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनीं चिरडूं नये. रॉकेल, फिनाइल किंवा गुरांचें औषध कुत्र्यास लावूं नये. गोचिडींवर पोटांत देण्याच्या गोळ्या व मानेवर टाकण्याचीं औषधें आहेत. तीं वजन पाहून पशुवैद्यानेंच ठरवावीं. घरांत मांजर असेल तर तेंही त्यांस सांगावें, कारण कुत्र्याचीं कांहीं औषधें मांजराच्या जिवावर बेततात. पिलांस दोन आठवड्यांचीं असल्यापासून जंतांचें औषध सुरू करावें. मोठ्या कुत्र्यास साधारणतः दर तीन महिन्यांनीं द्यावें.

एवढें करूनही कुत्रें खाईनासें झालें, अंग तापलें, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, लघवी तांबडी झाली किंवा नाकांतून रक्त आलें, तर उद्यांवर टाकूं नका. गोचिडीचे हे ताप वेळींच ओळखले तर बहुधा बरे होतात. उशीर मात्र प्राणघातक ठरतो. जो मुका प्राणी रात्रभर आपलें दार राखतो, त्याच्या हिरड्या आठवड्यांतून एकदां पाहणें ही कांहीं फार मोठी परतफेड नव्हे.